समोरून येणारी सिस्टर

गिरणी संपात नवऱ्याची नोकरी गेली आणि त्याचा हात माझ्यावर उठू लागला. शेवटी माझं डोकं ठिकाणावर राहिना, तेव्हा भावाने मला परळच्या एका इस्पितळात, बायकांच्या मानसोपचार वॉर्डात दाखल केलं.

तिथली एक सिस्टर चेहऱ्याने कायम वैतागलेली असायची. पण ती मागून कधीच यायची नाही. समोर उभी राहून घोगऱ्या आवाजात विचारायची, "ताई, नाडी बघू?" नको म्हटलं तर "बरं, मग येते," म्हणून पुढच्या खाटेकडे वळायची.

एका दुपारी दारात नवऱ्याचा आवाज ऐकला आणि मी खाटेखाली शिरले. सिस्टर वाकून म्हणाली, "भेटायचंय?"

मी नकारार्थी मान हलवली. ती दाराशी गेली.

"आज भेट नाही."

"बायको आहे माझी!"

"असेल. पण त्यांना भेटायचं नाहीये."

तो शिव्या देत निघून गेला. सिस्टर येऊन खाटेशेजारी फरशीवरच बसली. तिने मला ओढलं नाही की समजावलंही नाही. बऱ्याच वेळाने मीच बाहेर सरकले आणि विचारलं, "परत आला तर?"

"येईलच तो," ती म्हणाली. "आपण परत ‘नाही’ म्हणायचं."