लेकीच्या घरचं वांगं

सांगलीच्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. वर्धा जिल्हा किती वेळा शिकवला असेल याची गणती नाही: काळी जमीन, कापूस, संत्री, की लगेच पुढचा धडा. तिथे जायचा योग मात्र निवृत्तीनंतर आला, तोही आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या प्रशांतमुळे. प्रशांत आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचा, नोकरीसाठी सांगलीत आलेला. एकदा मी त्याच्यासमोर विदर्भाच्या मातीवर भाषण ठोकलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, एकदा येऊन तर पाहा. माय-बाबा आहेत घरी. चार-आठ दिवस राहा." जानेवारीत मी बॅग भरली आणि निघाले.

पुलगावला गाडीतून उतरले तेव्हा थंडीने दात वाजत होते. स्टँडवरून आर्वीची एसटी मिळाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी (कपाशी), मधे तुरीच्या ओळी आणि जमीन इतकी सपाट की डोंगराची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना कुठे थांबावं ते कळेना. कापसाच्या गाड्या गेल्या होत्या त्या वाटेवर बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले होते. ते पाहण्याच्या नादात मी एका फाट्यावर चुकून उतरायला लागले. कंडक्टरने दांडीला हात लावून अडवलं. "काऊन उतरून राह्यल्या जी? रोहणा लांब हाये अजून. बसा चुपचाप." तीस वर्षांत मला चुपचाप बसा म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. मी बसले.

प्रशांतचे वडील देवरावभाऊ फाट्यावर घ्यायला आले होते. उंच, वाळकुडे, खांद्यावर दुपट्टा. घरी प्रशांतच्या आई कमलवहिनींनी पायांवर पाणी घातलं आणि बसायला खुर्ची दिली. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत खिडकीपर्यंत नुसता कापूस रचलेला होता. भाव बरा आला की काढायचा, तोवर त्या खोलीत कोणी झोपायचं नाही. त्यांचा रोजचा संसार मात्र भाजीवर चालतो. वावर (शेत) विहिरीच्या कडेला, तिथे वांगी, भेदरं (टोमॅटो), सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे कळेपर्यंत मी वहिनींना इडली कशी करता म्हणून विचारून मोकळी झाले होते. "कापूस वर्षाचा, भाजी आठवड्याची," देवरावभाऊ म्हणाले. "कापसानं लग्न होते, भाजीनं चूल पेटते." माझा आठवडाभराचा धडा त्यांनी दोन वाक्यांत संपवला होता.

संध्याकाळी माझ्यासाठी वावरात रोडग्यांचा बेत केला. रोडगे म्हणजे जाड कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. राख झटकून फोडायचे, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. तिखट इतकं की डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. नेहमीची वांगी वेगळी आणि यांच्या घरचं जुनं वांगं वेगळं, असं वहिनी सांगत होत्या, पण मी रोडगा फोडण्यात गुंतले होते. ते नीट ऐकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठले. पाहुणी म्हणून नुसतं खाऊन राहणं माझ्या स्वभावात नाही, शिवाय सांगलीला माझी परसबाग आहे, त्यामुळे झाडांतलं मला कळतं असा माझा दावा असतो. वावरात गेले. धुऱ्याजवळ (बांधाजवळ) वांग्याची दोन झाडं वाळायला लागलेली, त्यांच्यावर पाच वांगी पिवळी पडून गेलेली, देठांना लाल चिंध्या बांधलेल्या. दृष्ट लागू नये म्हणून असतील, असं मी ठरवून टाकलं. जून फळं झाडाचा जीव खातात हे मी पोरांना शिकवत आले होते. पाचही तोडली, झाडं उपटली, जागा साफ केली आणि वांगी म्हशीपुढे टाकली. म्हशीने मिनिटात फडशा पाडला. मी हात झटकून उभी राहिले, तेवढ्यात देवरावभाऊ आले.

ते आधी जागेकडे बघत राहिले, मग म्हशीकडे, मग माझ्याकडे. उपटलेलं झाड उचलून त्यांनी मुळं पाहिली आणि धुऱ्यावर बसले.

ती वांगी बियाण्यासाठी राखलेली होती. देवरावभाऊंच्या आजोबांपासून घरात चालत आलेलं काटेरी देठाचं, जांभळ्यावर पांढऱ्या रेघांचं वांगं. यंदा पावसाने रोपं सडली आणि फक्त ती दोन झाडं वाचली. जुनं बी सगळं पेरून संपलेलं. वावरात बाकीची होती ती दुकानातल्या रोपांची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण माझ्या खोडीने दुसऱ्याच्या चार पिढ्यांचं वांगं नेलं.

मी रडले. खरंच रडले, धुऱ्यावर उभी राहून. देवरावभाऊच मला म्हणाले, "जाऊ द्या बाई. पावण्याच्या हातानं गेलं म्हणाचं."

चुलीपाशी वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "बी हाये तसं. आमच्या कुंदापाशी हाये, कारंज्याले. लग्नात मीच दिलं व्हतं तिले, पदराले बांधून."

"मग आणू की! उद्याच जाऊ."

"हे नाई आनत. लेकीघरचं घेत नाईत."

मग सगळं कळलं. मुलीला मूल होईपर्यंत आई-बापांनी तिच्या घरी जेवायचं नाही, तिथलं काही घ्यायचं नाही, ही रीत आमच्याकडेही जुन्या लोकांत होती. कुंदाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. मूल नाही. अकरा वर्षं देवरावभाऊ तिच्या दारी जातात, अंगणात बसतात, बाटलीतलं घरचं पाणी पितात आणि संध्याकाळच्या एसटीने परत येतात. त्यांच्यामुळे वहिनीही उपाशीच. "तिचा कोनावर राग नाई," वहिनी म्हणाल्या. "पन आता फोन कमी करते."

मी म्हटलं, मी तर कुणाची कोणी लागत नाही, मी जाते आणि आणते. देवरावभाऊंनी अडवलं नाही.

सकाळी निघून आर्वीला बस बदलली. तिथून पुढे काळी माती विटकरी होत गेली, टेकड्या आल्या, सागाची झाडं आली आणि मग संत्र्यांच्या बागा. एका बागेच्या तोंडाशी बायका संत्र्यांचे लहान-मोठे ढीग निवडत बसल्या होत्या. आमची बस थांबली तेव्हा एकीने खिडकीतून दोन संत्री माझ्या हातात दिली, पैसे घेतले नाहीत. एकाच जिल्ह्यात सकाळी कापूस आणि दुपारी संत्री. मी तो धडा एका ओळीत संपवायचे.

कारंजा घाडगे म्हणजे हमरस्ता आणि हमरस्ता म्हणजे ट्रक. कुंदाच्या नवऱ्याचा, महादेवचा, धाबा रस्त्याला लागूनच. पत्र्याचं छप्पर, बाहेर खाटा, आत भट्टीवर महादेव आणि चुलीवर कुंदा. पस्तिशीची, बापासारखी उंच. धाब्यामागे चार ओळी वांगी, काटेरी देठांची, रेघांची. ती पाहून माझा जीव भांड्यात पडला. कुंदाने आधी मला जेवायला वाढलं, मग माझा गुन्हा ऐकून पोट धरून हसली. "म्हशीले बरं खाऊ घातलं बाई तुमी."

मग ती हसायची थांबली. आढ्याला टांगलेल्या वाळक्या वांग्यांकडे पाहत म्हणाली, "बी देतो मी." (तिकडे बायकाही 'मी देतो' म्हणतात.) "पन तुमच्या हाती नाई देत. बाबानं यावं, इथं जेवावं, अन् मंग न्यावं."

मी समजावलं, विनवलं. ती भाकरी थापत राहिली. "पंजाबचा ट्रकवाला माह्या हातचं जेवते. केरळचा जेवते. साऱ्या देशाचे लोकं जेवून जाते. माहा बापच तेवढा उपाशी जाते."

मी तिथूनच वहिनींना फोन लावला आणि जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी फोन देवरावभाऊंकडे दिला. त्यांनाही तेच सांगितलं, आणि पलीकडून फोन बंद झाला. बी तर गेलंच, पण आता बाप-लेकीतही माझ्यामुळे वाकडं आलं असं मला वाटलं. त्या रात्री कुंदाने मला ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या एसटीने दोघं उतरले. वहिनींच्या पिशवीतून पाण्याची बाटली डोकावत होती. देवरावभाऊ नेहमीसारखे बाहेरच्या खाटेवर बसले. महादेवने नमस्कार केला आणि भट्टीकडे गेला. कुंदाने ताट आणून खाटेवर ठेवलं: ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कांदा. ती बापासमोर उभी राहिली.

"बाबा, डॉक्टरनं मागच्या साली सांगतलं. मले लेकरू होत नाई आता. मी तुमाले सांगतलं नाई, कारण तुमी वाट पाहून राह्यले व्हते." तिचा आवाज अजिबात कापत नव्हता. "मंग तुमी माह्या घरी कधीच नाई जेवसान का?"

माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी ती गिळली.

देवरावभाऊ ताटाकडे पाहत बसले. रस्त्यावरून दोन ट्रक गेले. त्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले, हात धुवायला पाणी मागितलं, आणि ते पाणी कुंदाच्या माठातलं होतं. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, खाल्ला.

"मीठ कमी हाये," ते म्हणाले.

"देतो ना," कुंदा म्हणाली आणि आत पळाली. बराच वेळ मीठ आलं नाही. वहिनी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि त्यांनी महादेवला सांगितलं, "जवाईबुवा, मले बी वाढा."

देवरावभाऊंनी तीन भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या, कारण कुंदा मोजत होती. निघताना तिने बियाची पुडी बापाच्या हातात दिली. त्यांनी ती थोडा वेळ मुठीत धरली आणि परत तिच्या हातात ठेवली.

"राहू दे इथंच. रोपं टाकाच्या टायमाले येतो न्यायले."

मी दोन दिवसांनी सांगलीला परतले. गाडी सांगलीच्या बाजूला आली तेव्हा ओळखीचे डोंगर दिसले. इतकी वर्षं मी माणसांना पिकांच्या नावांखाली बसवलं होतं, पण पिकंही माणसांच्या घरांतून, पदराला बांधलेली फिरतात, हे माझ्या फळ्यावर कधी आलंच नव्हतं, याचं मला वाईट वाटलं आणि ते आता कळलं याचं त्याहून जास्त बरं वाटलं.

होळीच्या आधी एका संध्याकाळी प्रशांत जिना उतरून आमच्या दारात आला. हातात फोन होता.

"काकू, मायचा फोन होता. बाबा काल एकटेच कारंज्याला गेले होते."

"बी आणायला? अजून तर कितीतरी वेळ आहे."

"नाही," प्रशांत म्हणाला. "जेवायला."