वडूजचा मुका सूर

सांगलीच्या स्टँडवर विट्याची गाडी लागली तेव्हा आमच्याकडे एक वळकटी, एक ट्रंक, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि एक काड्यापेटी एवढं सामान होतं. वळकटी आणि ट्रंक ह्यांनी खुशाल हमालाच्या हवाली केली, तांब्या माझ्या हाती दिला. काड्यापेटी मात्र कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी. लग्नात मला मंगळसूत्र घालतानाही ह्यांनी इतकी काळजी घेतली नव्हती.

त्या काड्यापेटीत कापसात गुंडाळलेला पितळेचा एक सूर होता. बाजाच्या पेटीत असतो ना, पट्टी दाबली की वारा लागून वाजणारा, तो. आदल्या दिवशी मिरजेला जाऊन एका म्हाताऱ्या वाद्यवाल्या चाचांकडून हे तो घासूनपुसून घेऊन आले होते. चाचांनी तीनदा कानाशी धरून वाजवला आणि म्हणाले, "ले जाव गुरुजी, आता ह्यो तुमच्याम्हागं बी बोलंल." ते वाक्य ह्यांना फारच आवडलं. दिवसभर मला ऐकवत होते.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीने आम्हा दोघा म्हाताऱ्यांना सातारा-सांगलीकडे दोन वर्षांच्या सेवेला धाडलं होतं. हे निवृत्त हेडमास्तर, मी निवृत्त नर्स. तिकडच्या लहान लहान मंडळ्यांत जायचं, उपासना चालवायची, ह्यांनी शिकवायचं, मी औषधपाणी बघायचं. आता शेवटचे आठ दिवस उरले होते. वडूज, कोरेगाव, सातारा असा निरोपाचा फेरा करून घरी यायचं होतं.

आणि ह्यांना एकच चिंता लागून राहिली होती. "घरी गेल्यावर विचारतील, दोन वर्षांत काय केलंत? काय दाखवू?" कोरेगावला सुरू केलेल्या प्रौढांच्या वर्गातले निम्मे गडी ऊसतोडीला गेले, उरलेले शेताच्या पाण्याच्या पाळीला. साताऱ्यात उभं केलेलं वाचनालय वाळवीने आमच्याहून जास्त वाचलं. पुरं झालेलं असं एकही काम नव्हतं. तेव्हा वडूजच्या पेटीत गेली तीन-चार वर्षं बंद पडलेला सूर बसवायचा आणि मगच घरी तोंड दाखवायचं, असं ह्यांनी मनाशी घेतलं होतं. मी थट्टा करत होते खरी, पण त्यांचा चेहरा पाहिला की थट्टा अर्ध्यावरच सोडायचे.

विट्याला गाडी बदलली. तिथून पुढे मुलूख पालटतो. कृष्णाकाठचा हिरवागार ऊस मागे पडतो आणि माळ सुरू होतो. तांबूस, उघडा आणि तरीही मला आवडणारा. मेंढरांचे कळप, खांद्यावर घोंगडी टाकलेले धनगर, मधूनच एखादी विहीर. मायणीच्या अलीकडे टायरने प्राण सोडला. कंडक्टर म्हणाला, "उतरा सगळी, तासभर लागंल."

बाभळीखाली बसलो. शेजारी एक बाई गाठोडं सोडून जेवायला बसली होती. तिने विचारलंही नाही, सरळ माझ्या हातावर भाकरी ठेवली आणि किटलीतून माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कालवण) वाढलं. लसणाची फोडणी अशी खमंग की मी दोनदा घेतलं.

"आवं, कुटं चाललायसा?" तिने विचारलं.

"वडूजला."

"लेकीकडं?"

"पेटीकडं," हे म्हणाले.

बाईने ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच मला म्हणाली, "लय ऊन झालंय. पाणी पाजा त्यास्नी."

गाडी सुरू झाली तेव्हा मी कंडक्टरला घाईघाईने म्हटलं, "थांबा, मी आलो!" आणि माझी मीच जीभ चावली. तिकडच्या पुष्कळ बायका 'आले, गेले' म्हणत नाहीत, पुरुषांसारखं 'आलो, गेलो' म्हणतात. दोन वर्षांत मी तेवढं मात्र पुरतं शिकले होते.

वडूजला पोचलो ते दुपार कलल्यावर. स्टँडवर दावीदतात्या उभेच होते. लष्करातून पेन्शनीत आलेला ताठ माणूस, मिश्यांना पीळ. तिथल्या मंडळीची पेटी तेच वाजवतात. मंडळी म्हणजे अकरा घरं आणि पत्र्याची एक खोली. "सलाम गुरुजी, सलाम बाई," म्हणत त्यांनी ट्रंक खांद्यावर घेतली. वाटेत ह्यांनी काड्यापेटी उघडून दाखवली. तात्यांनी सूर बघितला, जरा घुटमळले आणि म्हणाले, "आणलासाच व्हय?"

"आणला! उद्याच्या उपासनेला वाजणार."

"तुमची आर्डर," तात्या म्हणाले.

त्यांचं ते घुटमळणं मला जाणवलं होतं. ह्यांना नाही. हे तोंडाने शीळ घालत पुढे गेले होते.

त्या पेटीची गोष्ट अशी. पेटी एकसुरी, म्हणजे एका पट्टीला एकच सूर. मधल्या सप्तकातली एक पांढरी पट्टी दाबली की काहीच वाजायचं नाही. मंडळीला सगळ्यांत प्रिय असलेल्या गीताच्या धृपदात नेमकी तीच पट्टी यायची. त्या जागी पेटी गप्प, म्हणून माणसंही गप्प. पुढे जाता जाता चांगला श्वासभर सगळे थांबायचे, कोपऱ्यात बसणाऱ्या म्हाताऱ्या सोनाआजींची एक टाळी पडायची, आणि गीत पुन्हा चालू. ह्यांना दर वेळी त्या जागी दात दुखल्यासारखं व्हायचं. आजींची टाळी म्हणजे म्हातारपणीची लहर, असं आम्ही धरून चाललो होतो. कधी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पेटी उघडून बसले. जुना सूर गंजून चिकटला होता, तो काढून खिशात टाकला. नवा बसवला, स्क्रू आवळले, भाता मारला. वाजला! अगदी स्वच्छ. हे लहान पोरासारखे माझ्याकडे बघत राहिले. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या कोटावरची धूळ उगाचच झटकली.

उपासनेला खोली भरली. आमचा शेवटचा रविवार म्हणून बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. तात्यांनी ते गीत धरलं. धृपद आलं, बोट त्या पट्टीवर पडलं, सूर वाजला आणि गीत न अडखळता पुढे गेलं. ह्यांचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण माझं लक्ष कोपऱ्याकडे गेलं.

सोनाआजींनी दोन्ही हात छातीपुढे धरले होते. एकमेकांपासून वीतभर लांब. त्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. एक कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. हात तसेच. शेवटी गीत संपलं, सगळे बसले, तेव्हा त्यांनी ते मांडीवर ठेवले आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात विचारलं, "आज माजं गाणं कुणी म्हटलंच न्हाई?"

 माझ्या शेजारी बसलेली त्यांची सून खाली मान घालून मला म्हणाली, "तापात कान गेलं त्येंचं. त्येच्या आदी सगळ्यांच्या फुडं म्हणायच्या. आता आमी तोंड मिटलं की त्येंची पाळी. तेवढंच गातात बगा त्या."

मी नर्स. दोन वर्षं त्या बाईची नाडी बघत होते, गुडघ्याला तेल देत होते. आजींना ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं, पण त्या गातात हे ठाऊक नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

हे उठून तात्यांजवळ गेले. "तात्या, तुम्हाला माहीत होतं. बोलला का नाही?"

"तुमी मिरजेपास्नं आणलासा की वो. मन कसं मोडायचं? अन् आमी थांबू की तितं, सूर असला तरी. त्यात काय!"

थांबून बघितलं. तात्यांनी पुन्हा धृपद वाजवलं, पण सूर वाजला की गळे आपोआप पुढे जात. निम्मे थांबले, निम्मे गेले, मुलं हसायला लागली. आजी बावरून हात वर करत, खाली घेत.

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ते काम त्यांचं होतं, दोन वर्षांतलं एकुलतं एक; ठरवायचंही त्यांनीच होतं. मग ते खाली बसले, भर उपासनेत पेटीचं झाकण काढलं, स्क्रू सोडले आणि नवा सूर काढून जुना गंजका परत बसवला. वेळ लागला.  तात्या बाजूला अटेन्शनमध्ये उभे होते.

गीत पुन्हा सुरू झालं. धृपदात सगळी खोली एकदम गप्प झाली. टाळी पडली. आजी हसल्या, तोंडात एकच दात.

कोरेगावात निरोपाला शाल मिळाली, साताऱ्यात कंदी पेढे. शिरवळला गाडी चहाला थांबली तेव्हा मी म्हटलं, "तो नवा सूर चाचांना परत पाठवायचा का?" हे म्हणाले, "असू दे." पुढे पुण्यापर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले.  नगरला उतरल्यावर टांगेवाल्याला मात्र ह्यांनी हौसेने सांगितलं की माडगं खाल्लं नसेल तर त्याचं आयुष्य फुकट गेलं.

पुढच्या रविवारी आपल्या देवळात पाळकसाहेबांनी ह्यांना पुढे बोलावलं आणि दोन वर्षांच्या सेवेविषयी सांगा म्हणाले. मी लिहून दिलेले चार कागद ह्यांच्या हातात होते. ते त्यांनी उघडलेच नाहीत. म्हणाले, "वडूजच्या मंडळीच्या पेटीत एक सूर वाजत नाही. आपल्यापैकी कोणी तिकडे गेलं, तर मेहेरबानी करून तो दुरुस्त करू नये." आणि येऊन बसले.

तुम्ही सगळे हसलात. हेडमास्तर आता थकले, असं कुणीतरी मागे पुटपुटल्याचंही मी ऐकलं. चाळीस वर्षांच्या संसारात मला ह्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि बायकांच्या बाकावरून उठून तुम्हाला ते ओरडून सांगावं असं फार वाटलं. देवळात ओरडायची सोय नाही. म्हणून हे लिहिलं.