सुमात्राची दालचिनी
जाड दालचिनी फोडली की लष्कर भागातल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. महायुद्ध संपल्यावर सुमात्रा बेटावरच्या डोंगरांतून परतलेल्या धाकट्या काकांनी ती ट्रंकेतून आणली होती. घरात वाटणीची बोलणी चालू होती आणि विधवा आत्याला कुणी ठेवून घ्यायचं, यावर भाऊ अडले होते. काका येरझारा घालत म्हणाले, "तिकडच्या डोंगरगावात घर, शेत, सगळं बायकांचं. पुरुष कमवायला मुलुखभर हिंडतात आणि परतले की बहिणीच्या घरी पाहुणे!" सगळे हसले. आत पापड लाटत असलेली आत्या मात्र लाटणं हातात घेऊनच दारात आली आणि तिनं काकांना विचारलं, "का रे, तिकडे जायला गाडी कुठून मिळते?" आज घर माझ्या नावावर आहे, तरी या वासानं आत्याचा तो प्रश्न कानात घुमतो आणि माझाही पाय घरात ठरत नाही.