केसभर उतरवलेली तार

ज्या वाद्याचं पोट उघडायला मनाई आहे, ते तुमचं कसं? कपाटात एक जुनी सीडी सापडली आणि अबुधाबीतल्या रुवैसमधला तो शुक्रवार आठवला. विमानात आईच्या तंबोऱ्याचा भोपळा फुटला होता आणि संध्याकाळी कॉलनीच्या गणपतीपुढे तिला गायचं होतं. "तंबोऱ्याशिवाय मी गाणार नाही, खलास," ती म्हणाली. एसीच्या घरघरीत मी कॉम्प्युटरवर एका फुकट, कुणालाही आतून उघडून बदलता येणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमधले चौकोन पडद्यावरच्या वायरींनी जोडत चार तारा बनवल्या आणि जोडीच्या दोन तारा अगदी एकसारख्या जुळवल्या. "परफेक्ट आहे, आई!" "परफेक्ट? फ्रिजसारखा वाजतोय मेला! त्यातली एक तार केसभर उतरव." मी एक आकडा किंचित बदलला आणि स्पीकरमधला आवाज लाटेसारखा झुलू लागला. आईने डोळे मिटून सा लावला. बाबा दारातूनच ओरडले, "यल्ला, चला, स्पीकर गाडीत टाका!" त्या संध्याकाळी ती दोन तास गायली. विकतच्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या कुलूपबंद पेटीत आईचा कान शिरलाच नसता. सीडीवर तेव्हा जपून ठेवलेला तो तंबोरा आज मी सगळ्यांसाठी खुला ठेवतो आहे. घ्या, उघडा, तुमच्या आईच्या कानाने बदला आणि कुलूप न लावता पुढे द्या.