देवाजीमामांनी सात मोजले

नागपुरात कुठल्याही बिघाडाचं कारण ऊन असतं. दूध नासलं, ऊन. पाहुणे लवकर उठून गेले, ऊन. लग्न मोडलं, तरी मुहूर्त मे महिन्यातला होता ना! अशा गावात वाढलेल्या धम्मदीपनं मे महिन्यात आपल्या लाल टर्बो गाडीत बाजारातलं सगळ्यात जाड इंजिन ऑइल भरलं, यात त्याच्या एकट्याचा दोष नव्हता. "शेहेचाळीस डिग्रीत पातळ तेलाचं पाणी होते," असं ऑफिसातले सगळे म्हणाले होते. आणि ऑफिसात सगळे कॉम्प्युटर इंजिनिअर होते.

डिसेंबर लागला आणि सकाळी गाडी सुरू केली की टिकटिक ऐकू येऊ लागली. एका वर्कशॉपनं इंजिन उघडायचा सल्ला दिला. आठ वर्षं स्वप्नात चालवून मग घेतलेली गाडी. तिचं इंजिन उघडणार या कल्पनेनंच धम्मदीप रात्री दोन-दोनदा उठून गाडी बघून येऊ लागला. शेवटी आई म्हणाली, "काहून गा, मामा कायले हाये तुझा?"

मामा म्हणजे देवाजी. नागपूरलगतच्या वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे त्यांचं गॅरेज. पस्तीस वर्षं ट्रक आणि फक्त ट्रक. त्यांना ही नाजूक गाडी दाखवायची म्हणजे माहुताकडे मोत्यांची माळ ओवायला देण्यासारखं, असं धम्मदीपला वाटायचं. पण आईपुढे कोणाचं चालतं?

"जय भीम, भाचेबुवा," मामा गाडीकडे न बघताच म्हणाले. "चाबी ठेव आन् घरी जा. उद्या सकाळी ये. थंडी गाडी खरं बोलते. गरम झाली का लपवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामा मफलर गुंडाळून तयार होते. इंदूमामींनी चहा आणला. मामांनी हातभर लांब पेचकस घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"मार सेल."

टिक टिक टिक टिक.

"एक… दोन… तीन…" मामा मोजत होते. सातला टिकटिक थांबली.

"खालचं तेल वर पोचाले सात लागले. तोवर वरचे पार्ट कोरडेच कुटून राहिले."

"म्हणजे इंजिन गेलं?"

मामांनी इंजिनातून तेलाची पट्टी उपसली आणि तिच्या टोकाचा एक थेंब पांढऱ्या कापडाच्या चौकोनावर सोडला. "पसरू दे. तासभर लागते."

त्या तासाभरात धम्मदीपनं पहिल्यांदा मागची भिंत नीट पाहिली. दोऱ्यांवर पापडांसारखे शेकडो कापडी तुकडे लटकत होते. गांधीबागेच्या कापडबाजारातलं मांजरपाट. प्रत्येकावर तेलाचा एक डाग, कड्यात कडं, त्यात आणखी कडं. खाली मामांच्या बारीक अक्षरात गाडीचा नंबर आणि तारीख. एकेका ट्रकची सहा-सहा वर्षं, चंद्राच्या कलांसारखी ओळीनं.

"हा पाह्य," मामांनी एका डागावर बोट ठेवलं. "या ट्रकची पिस्टन रिंग इथं गेली. ड्रायवरले समजलं तीन महिन्यांनी."

दिवसभर ऑफिसात 'डेटा, डेटा' करणारा धम्मदीप चहा विसरला. चहावर साय आली.

तासानं मामांनी थेंबाचं कापड उन्हात धरलं, वास घेतला, डाग बोटांनी चोळला. 

"चमक नाही, म्हंजे लोखंड झिजलं नाही. पेट्रोलचा वास नाही. इंजिन ठणठणीत हाये."

"मग टिकटिक?"

"थे तूच ओतली ना डब्ब्यातून! गाडीचं पुस्तक काढ."

पुस्तक डॅशबोर्डच्या खणात होतं, कंपनीच्या प्लॅस्टिकसकट. अजून न फोडलेलं. मामा ते बघतच राहिले.

"आपल्या घरात पुस्तक असं बांधून ठेवतेत का गा?"

हळू आवाजात म्हणाले, पण इंजिनाच्या धसक्यापेक्षा ते जास्त लागलं.

मामांनी चष्मा चढवून बोटानं ओळ शोधली. "पाच-डब्ल्यू-चाळीस. पह्यला आकडा थंड्या इंजिनाचा, दुसरा गरम इंजिनाचा. तू वीस-पन्नास ओतलं. माह्या जुन्या ट्रकले चालते थे. हिच्या नळ्या केसासारख्या बारीक, थंडीत जाड तेल त्यातून लवकर वर चढत नाही."

"पण मामाजी, आपल्याकडचं ऊन…"

"ऊन बाहेर असते बावा! आत तेल शंभराच्या घरात तापते. त्याले तुह्या शेहेचाळीसचं काय कौतुक?"

नागपूरच्या उन्हाला इतकं फटकारलेलं धम्मदीपनं जन्मात ऐकलं नव्हतं.

"आन् पुस्तकात खाली हा बारीक नंबर हाये, कंपनीनं पास केलेल्या तेलाचा. डब्ब्याच्या मागं हाच पायजे. समोरच्या रेसच्या फोटोवर जाऊ नको."

त्याच दुपारी तेल बदललं, फिल्टर बदलला. गाडी पुन्हा एक रात्र थंडीत उभी राहिली.

सकाळी सात. पेचकस, कान, मिटलेले डोळे.

"मार सेल."

"एक…"

धम्मदीप दोनची वाट पाहत राहिला. दोन आलंच नाही. इंजिन नुसतं गुरगुरत होतं, पोट भरलेल्या मांजरासारखं. मामांनी पेचकस खाली ठेवला, मांजरपाटाचा नवा चौकोन कापला, थेंब सोडला, नंबर-तारीख लिहिली आणि एका टिपर आणि एका टँकरच्या मधे लाल गाडीचा तुकडा टांगला.

धम्मदीप त्या भिंतीकडे बघत उभा. इंदूमामी चहा घेऊन आल्या आणि थबकल्या.

"काय झालं गा? डोळे काहून लाल?"

"काही नाही मामी," डिसेंबरच्या कडाक्यात धम्मदीप म्हणाला, "ऊन लागलं."