देवघरातला लाल्या

थोरल्या जाऊबाई गेल्याचा फोन भर दुपारी आला. "काकू, आई गेली," एवढंच पुतण्या म्हणाला आणि मी "बरं" म्हटलं... दुसरं काय म्हणणार? नव्वदीची बाई, अंथरुणाला न खिळता गेली. सुटली म्हणायचं. आता पंधरवडा उलटला, तरी डोळ्यांपुढं येते ती म्हातारी अक्का नव्हे, नवी सून अक्का.

निजामाचा अंमल होता. आम्ही दोघी पाठोपाठ अणदूरच्या त्या घरात आलो. अक्कानं येडशीहून माहेरचं कुत्रं आणलं होतं, लाल्या. मामंजींचं, म्हणजे आमच्या सासऱ्यांचं सोवळं कडक. कुत्र्यानं उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून तो अंगणातल्या बाभळीला बांधलेला असे. वैशाखात एका दुपारी सावली सरकली अन् बिचारा उन्हात सापडला. आम्ही पाहिलं तेव्हा जीभ लोंबत होती, तोंडाला चिकट लाळ, पाय लटपटत होते. अक्कानं त्याला उचललं आणि थेट देवघरात नेलं. घरात गार फरशी काय ती तेवढीच. ती ओलं फडकं त्याच्या पोटाला, पंजांना लावत होती, मी सुपानं वारा घालत होते. मामंजी आले तर, या धास्तीनं माझा एक डोळा दाराकडं होता. आणि ते आलेच.

"देवाजवळ कुत्रं?"

अक्कानं पदर सावरला. "मामंजी, आपल्या खंडोबाच्या चांदीच्या टाकावर घोड्यासंगं कुत्रं हाय का न्हाय?"

"हाय."

"मग देवाला चालतंय. तुमाला चालत नसंल तर उद्या मला माहेरी धाडा. पर आत्ता ह्याला उन्हात न्हाय काढणार."

माझी पाचावर धारण बसली. माहेरी धाडलेल्या सुनेचे काय हाल होतात, ते आम्हाला ठाऊक होतं. मामंजी टाकाकडं बघत राहिले... मग पूजेचा तांब्या पुढं सरकवत म्हणाले, "एकदम पाजू नको. घोट घोट दे." आणि बाहेर गेले.

लाल्या जगला. पुढं दर उन्हाळ्यात तो देवघराच्या दारात पसरायचा आणि मामंजी पुटपुटत त्याला ओलांडून पूजेला जायचे.

परवा तेराव्याला गेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. देवघराच्या दारात पुतण्याचं कुत्रं धापा टाकत पडलेलं. एक पाहुणा "हाड, हाड" करत त्याला पायानं ढकलू लागला, तशी मी ओरडले, "खबरदार! ती जागा अक्कानं सासर पणाला लावून मिळवलीय!"