नावाआधी कपाट

रायपुरातल्या आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातले एक शेजारी कोणाच्याही घरात शिरले, की माणसांआधी भिंती बघतात. नवं राज्य झाल्यापासून ते सरकारी कचेरीतर्फे जुनी घरं तपासतात. भूकंप झाला तर काय पडेल आणि कोणावर पडेल, एवढंच त्यांच्या डोक्यात. बोटानं भिंत ठोकायची, कान लावायचा आणि "हव, हव" म्हणत होकारार्थी मान डोलवायची.

माझ्या लेकीच्या बारशाला ते आले. पाळण्याशेजारचं लोखंडी कपाट पाहून थबकले, तसेच घरी गेले आणि ड्रिल मशीन घेऊन परतले.

"काहून भैया, रायपुरात कुठं येते भूकंप?" सासूबाई हसल्या.

"नाही आला तं चांगलंच हाय, काकू. पण आला, तं हे कपाट पोट्टीले पाहून पडन का?"

पाळण्याचं गाणं थांबलं. त्यांनी भिंतीत भोकं पाडून लोखंडी पट्ट्यांनी कपाट भिंतीला जखडलं. जरीच्या साड्यांवर चुना उडाला आणि बायकांना हसू आवरेना. शेवटी त्यांनी कपाटाला खांद्यानं धक्का दिला. ते हललं नाही.

"हव. आता ठेवा नाव."

आत्या बाळाच्या कानाशी वाकली. सासूबाईंनी तिला हातानं थांबवलं, पदर खोचला आणि कपाटाला स्वतः एक धक्का देऊन पाहिला.